वस्तीवरच्या शाळेचा पट

द्राक्षाची काढणी उरकत आली, हातात दोन पैसे खेळू लागले, की आपल्या निफाड-दिंडोरीकडच्या घरांत एक विषय हमखास निघतो. पोराला यंदा कुठल्या शाळेत घालायचे? धाकटा भाऊ म्हणतो, शेजाऱ्यांच्या दाराशी इंग्रजी शाळेची पिवळी गाडी येते, आपणच का मागे राहायचे? आजी म्हणते, एवढ्याशा लेकराला पहाटे उठवून गाडीत कोंबायचे कशाला, शाळा तर बांधाला लागून आहे. पोराची आई मात्र गप्प असते. त्या शाळेत मुलेच मुळी चौदा, हे तिला ठाऊक असते.

या चौदाच्या आकड्याविषयी आज तुमच्याशी बोलायचे आहे.

पट लहान म्हणजे शाळा वाईट, असा आपला ग्रह होऊन बसला आहे. आपल्याच जिल्ह्यातले, त्र्यंबकेश्वर तालुक्यातले हिवाळी पाहा. डोंगरातला लहानसा आदिवासी पाडा. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत केशव गावित गुरुजींनी वर्षाचे 365 दिवस, दिवसाचे बारा तास शाळा भरवून दाखवली. मुले एकाच वेळी दोन्ही हातांनी लिहितात, हजाराच्या घरातले पाढे म्हणतात, संविधानाची कलमे सांगतात. शाळा पाहायला लांबलांबून माणसे जातात. खरे सांगू? दोन्ही हातांनी लिहिण्याचे मला फारसे अप्रूप नाही. एका हाताने नीट लिहिले तरी पुष्कळ झाले. मला मोल वाटते ते त्या बारा तासांचे. आईबाप दिवसभर रानात असले तरी लेकराला शाळेचे दार उघडे.

पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातील जालिंदरनगरची शाळा तर तीन मुलांवर आली होती. दत्तात्रय वारे गुरुजी तिथे गेले, गावकरी पाठीशी उभे राहिले आणि पट शंभरावर गेला. 2025 साली या शाळेला जगातील उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला.

अमेरिकेत अशा ओढून घेणाऱ्या सरकारी शाळांना ‘चुंबक शाळा’च म्हणतात. 1968 साली टॅकोमा शहरातील मॅककार्व्हर या प्राथमिक शाळेने ही वाट पाडली. कृष्णवर्णीयांच्या वस्तीतली शाळा इतकी चांगली करायची, की गोऱ्यांनी आपली मुले आपण होऊन तिथे आणावीत, असा तो बेत होता.

हे वाचून आपल्या शिवाराकडे पाहा. दिवाळीनंतर पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबे आपल्या बागांत कामाला उतरतात. त्यांची लेकरेही बरोबर येतात. तिकडे पाड्यावरच्या शाळेत त्यांचे नाव पटावर, पण जागा रिकामी. इकडे तुमच्या मांडवाखाली ती धाकट्या भावंडांना सांभाळत बसलेली. आणि त्याच बांधापलीकडे आपली शाळा चौदांवर अडलेली! 2009 च्या कायद्याने जन्माचा दाखला नाही म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही, ते वयानुसार वर्गात बसते. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकही असते. मुकादमाशी मजुरीचे बोलताना एवढे विचारा: पोरे किती, कितवीत? गुरुजींना तेवढा निरोप दिला तरी काम होते. ‘त्यांच्या पोरांशेजारी आपली पोरे?’ असा प्रश्न घरात कुणाच्या मनात येत असेल, तर तो टॅकोमातही आला होताच.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवत नाही. शिक्षकांची पदे ठरवताना 30 सप्टेंबरचा पट धरण्याची रीत आहे आणि बागेतली ही मुले त्यानंतर येतात. तेव्हा पदांचा हिशेब आपल्या घरच्या मुलांवरच राहतो. तुमची दोन पिवळ्या गाडीत बसली की चौदाचे बारा होतात. 2017 साली सरकारने दहाहून कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करून मुले शेजारच्या शाळेत पाठवण्याचे ठरवले होते, हे विसरू नका. बारा आणि दहा यांत अंतर किती? एका घराचे.

पण म्हणून वाईट शाळेतही पोर घालाच, असे मी म्हणणार नाही. आधी पारखा. टक्केवारी विचारू नका. चौदांतली दोन मुले तापाने घरी राहिली की हजेरी 86 टक्क्यांवर येते, त्यात शाळेचा काय दोष? शनिवारी सकाळी स्वतः जा. आईने जावे, तिचे लक्ष बारीक असते. तिसरीतल्या मुलाला पुस्तकातला न शिकवलेला उतारा वाचायला सांगा. हातच्याची एक वजाबाकी घाला. मग तीच दोन कामे पिवळ्या गाडीतून उतरणाऱ्या शेजारच्या तिसरीतल्या मुलालाही द्या, आणि पाडव्याच्या आत घरात बोलायला बसा.