पुडीवर नाव का नसतं?

मंडळी, आठवडी बाजारात, यात्रेत आणि आता व्हॉट्सॲपवरही एक पुडी विकली जाते. 'आमवात मुळापासून बरा. शंभर टक्के आयुर्वेदिक, साइड इफेक्ट शून्य.' मी तालुक्याच्या गावात औषधाचं दुकान चालवतो. या पुडीबद्दल आज स्पष्टच बोलतो.

आधी रोग समजून घ्या. वयोमानाने गुडघे झिजतात ते वेगळं. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते. सकाळी तास-दीड तास बोटं आखडलेली, कणीक मळता येत नाही. बायकांमध्ये प्रमाण जास्त. हा शहरी लोकांचा रोग आहे असंही नाही. भिगवणला 1996 मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने घरोघरी पाहणी सुरू केली, त्यात साधारण दोनशे प्रौढांमागे एकाला तो आढळला. म्हणजे तुमच्या-माझ्या आळीतही कुणीतरी असणारच.

या रोगात सुरुवातीचे महिने सोन्याचे. तेव्हा योग्य औषध सुरू झालं तर सांधे वाचतात. पुडी नेमके तेच महिने खाते.

'पण तीन दिवसांत आराम पडला!' अहो, तिथेच तर पाणी मुरतंय. मेथोट्रेक्सेटसारख्या औषधालाही गुण यायला काही आठवडे लागतात. मग पुडीत असं काय आहे? अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असल्याचं तपासण्यांत वारंवार उघड झालंय. प्रत्येक पुडीत असतंच असं नाही, पण लेबलच नसेल तर कळणार कसं? चेहरा सुजतो, लोक म्हणतात 'तब्येत सुधारली'. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. दुखणं दबलं म्हणून माणूस डॉक्टरकडे जात नाही, आणि जातो तेव्हा बोटं वाकडी झालेली असतात.

'म्हणजे तुम्ही आयुर्वेदाच्या विरोधात!' मुळीच नाही. कोइमतूरला आयुर्वेदिक उपचार, मेथोट्रेक्सेट आणि दोन्ही एकत्र अशी रीतसर तुलना झाली, 2011 मध्ये ती प्रसिद्धही झाली. तिन्ही गटांत साधारण सारखाच फरक पडला. रुग्ण फक्त 43, म्हणून त्यावरून निकाल लावता येत नाही, पण आयुर्वेद तपासणीला उभा राहिला. पुडीवाला राहील? योगासनं, व्यायाम, शेक, माशाचं तेल यांनीही काहींना आराम मिळतो. जरूर करा, पण चालू औषध बंद करून नको.

'तुमचा धंदा बुडतो म्हणून ओरडता.' मेथोट्रेक्सेटचा महिना शे-दोनशे रुपयांत भागतो. त्यात मला काय सुटतं ते दुकानात येऊन बघा.

लोकांना मी नावं ठेवत नाही. सांधेतज्ज्ञ गाठायचा तर मोठं शहर, दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं वेगळं. पुडीवाला दारात येतो आणि दुखणं ऐकूनही घेतो. ही पोकळी सरकारने ठेवलीय, तो ती भरतोय.

म्हणून मागण्या साध्या आहेत. 1954 च्या जादूटोणावजा औषधांच्या जाहिरातींविरोधी कायद्याच्या यादीत संधिवात आहे. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तो कायदा वापरा. बाजारात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक औषधावर घटक, परवाना आणि बॅच नंबर बघा, नसेल तर माल जप्त करा. आणि उपजिल्हा रुग्णालयात महिन्यातून एकदा तरी सांधेतज्ज्ञ बसवा.

घरात कुणी पुडी घेत असेल तर दोन गोष्टी. ती एकदम बंद करू नका. आत स्टेरॉइड असेल तर अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा. आणि मेथोट्रेक्सेट सुरू झालं तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही. रक्ततपासणीही चुकवू नका.

उद्याच्या बाजारात पुडीवाला दिसला तर एवढंच विचारा, 'भाऊ, यावर तुमचं नाव-पत्ता लिहून द्याल का?'