गुरूच्या घरी स्वयंपाक कोण करायचं?

मैत्रिणींनो,

खरं म्हणजे या आठवड्यात कैरीच्या लोणच्याबद्दल लिहायचं ठरवलं होतं. कैऱ्या आणून धुऊन फडक्यावर पसरूनही ठेवल्या होत्या. पण परवाच्या टपालात एक पत्र आलं आणि लोणचं बाजूला राहिलं. पत्र एका तालुक्याच्या गावाहून आलंय. नावगाव अर्थातच देत नाही. त्या भगिनी लिहितात:

"ताई, माझ्या मुलाची यंदा दहावी झाली. जूनमध्ये तो पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला जाणार, वसतिगृहात राहणार. रविवारी दुपारी त्याचे चार मित्र येतात आणि दार लोटून घेऊन कसलासा फाशांचा खेळ खेळतात. परवा कपाट आवरताना त्याची वही हाती लागली. तीत एका मुलाची हकीकत लिहिलेली. मुलगा जादूगाराकडे शिकायला राहिलेला. पहिलीच ओळ अशी, की मी सात वर्षांचा असताना आमचं घर जळालं आणि आईवडील त्यात गेले. पुढे दोन पानं नुसती गुरूबद्दल. शेवटी कसल्याशा चौकटीत गोधडीबद्दल एक ओळ आहे, ती काही मला कळली नाही. ताई, सगळं 'मी, मी' करून लिहिलंय हो! मी वही घेऊन तशीच बसून राहिले. मी धडधाकट असताना माझ्या मुलाने मला का मारावं? हे म्हणतात, वही फाडून टाक आणि खेळ बंद कर. काय करू?"

बाई, आधी एक सांगते. वही फाडू नका.

हे सांगायचा मला अधिकार आहे, कारण मी एकदा अशी वही घालवली आहे. माझा मुलगा तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा असेल. वहीत राक्षसांची चित्रं, किल्ल्यांचे नकाशे, असलंच सगळं. परीक्षा तोंडावर आलेली. रागाच्या भरात मी ती रद्दीत घातली. तो रडला नाही की भांडला नाही. फक्त त्यानंतर आपण लिहिलेलं काहीही त्याने मला कधी दाखवलं नाही. आज तो चाळिशीला आलाय. रोज फोन करतो, जेवलीस का म्हणून विचारतो. पण ते एक दार लागलं ते लागलंच.

आता हा खेळ काय आहे ते सांगते. गेल्या दिवाळीत पुतण्याकडे गेले होते, तेव्हा त्याच्या मुलीने मला शेजारी बसवून घेतलं आणि सगळं समजावून दिलं. खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी तो १९७४ साली काढला. सोंगट्या, पट असलाच पाहिजे असं नाही. एकजण गोष्ट चालवतो. त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात. कुणी लढवय्या, कुणी चोर, कुणी जादूगार. 'समोर नदी आहे, पूल मोडलाय, काय करता?' असं तो विचारतो आणि ज्याने त्याने आपापल्या पात्राच्या तोंडून उत्तर द्यायचं. जमलं की फसलं ते फासा ठरवतो. फासेही आपल्या सारीपाटासारखे नाहीत. चार बाजूंच्या फाशापासून वीस बाजूंच्या फाशापर्यंत सगळे असतात.

म्हणजे थोडक्यात काय, सगळ्यांनी मिळून रचायची गोष्ट. म्हणूनच तुमच्या मुलाने 'मी' लिहिलंय. नाटकात काम करणाराही 'मी'च म्हणतो. म्हणून रंगभूमीवर मेलेल्याचं आपण सुतक धरतो का?

पात्र घेतलं, की त्याची पार्श्वभूमी लिहावी लागते. कुठला, कुणाचा, काय शिकला, घर का सोडलं. आणि गंमत अशी, की शिकाऊ जादूगाराच्या पार्श्वभूमीत आईवडील बहुतेक वेळा नसतातच! तुमच्या एकट्याचाच मुलगा असं लिहितो असं समजू नका. पुतण्याच्या मुलीने डोळे मिचकावून मला सांगितलं, "आजी, आई जिवंत असली तर गुहेत जाऊ देईल का?"

पटलं की नाही? ज्या घरात 'स्वेटर घेतलास का, पोचलास की फोन कर' म्हणणारी आई आहे, तिथून ड्रॅगन मारायला कोण निघणार?

शिवाय ही रीत या पोरांनी काढलेली नाही. उर्सुला ले ग्वीन या लेखिकेची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ही कादंबरी १९६८ सालची. तिच्यातला गेड हा शिकाऊ जादूगारांमधला मोठा नावाजलेला. तो वर्षाचा व्हायच्या आतच त्याची आई जाते. पहिला मंत्र तो मावशीच्या तोंडून ऐकून उचलतो, तोही कसला, तर शेळ्यांना हाक मारण्याचा. पुढे गुरू मिळतो तो अबोल. पोराला वाटतं, आता वादळं उठवायला शिकवतील. गुरू आधी रानातल्या झाडपाल्याची ओळख करून देतो.

आणि परक्यांचं कशाला? श्रावणात आपण नवनाथांची पोथी वाचतो ना? मच्छिंद्रनाथांनी एका बाईला मूल व्हावं म्हणून भस्म दिलं. शेजारणींनी भीती घातली, तिने ते उकिरड्यात टाकलं. बारा वर्षांनी नाथ परत आले आणि त्या उकिरड्यातून गोरक्ष निघाला. पुढे हाच गोरक्ष संजीवनी मंत्र घोकत बसलेला असताना पोरांच्या हट्टापायी चिखलाचा बाहुला करतो आणि बाहुला जिवंत होतो. तेच गहिनीनाथ. आता सांगा, शिकाऊ जादूगाराची याहून झकास पार्श्वभूमी कुठे मिळेल? घर नाही, आई नाही, गुरू आहे आणि हातून घडलेली एक भलतीच गोष्ट आहे. आपण हात जोडून वाचतो. मुलाच्या वहीत दिसलं की दचकतो!

तुमच्या ह्यांच्या काळजीबद्दलही दोन शब्द. ही काळजी जुनी आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेत या खेळाविरुद्ध मोठा गहजब झाला. मुलं वेडी होतात, जीव देतात, असं लोक म्हणू लागले. एका दुःखी आईने तर १९८३ साली त्यासाठी संघटनाच काढली. तिच्या दुःखाबद्दल मी काय बोलणार! पण खेळामुळे मुलं जीव देतात असं पुढे सिद्ध झालं नाही. तेव्हा खेळाला भिऊ नका. मुलाकडे मात्र लक्ष ठेवा. त्याबद्दल शेवटी सांगते.

आता तुमच्या मुलाने निवडलेल्या पात्राकडे वळू या. त्याने लढवय्या घेतला नाही, शिकाऊ जादूगार घेतला, ही मला तरी शुभखूण वाटते. या खेळाचं १९७९ सालचं एक नियमांचं पुस्तक आहे. त्यात लढवय्या माणूस सोळा ते एकोणीस वर्षांचा असताना घराबाहेर पडतो. जादूगार मात्र लवकरात लवकर सव्विसाव्या वर्षी, आणि उशीर झाला तर चाळिसाव्या! मधली सगळी वर्षं शिकण्यात जातात. त्याच पुस्तकात म्हटलंय, की जादूगाराने नुकतीच गुरूकडची उमेदवारी संपवलेली असते, नीट मेहनत केलेली असते, म्हणून गुरू किंवा गुरूबाई निरोपाच्या वेळी मंत्रांची पोथी भेट देतात. डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलांच्या आयांना हे वेगळं सांगायला नकोच.

बरं, इतकं शिकून जीव केवढासा! २०१४ सालच्या पुस्तकाप्रमाणे सुरुवातीला लढवय्याच्या जिवाचे गुण दहा, तर जादूगाराचे सहा. प्रकृतीप्रमाणे थोडे कमीजास्त. पोथीत सहा मंत्र. नवा मंत्र उतरवून घ्यायचा तर पहिल्या पायरीच्या मंत्रालाही दोन तास आणि सोन्याच्या पन्नास मोहरा लागतात. रोजचे मंत्र त्या पोथीवरूनच तयार करायचे. सासरी आलेल्या नव्या सुनेची पाककृतींची वहीच म्हणा ना. वही हरवली की पंचाईत.

आणि हे मंत्र कसले असतात ठाऊक आहे? मी तर हसतच सुटले. नवशिके जादूगार सरावाला म्हणून एक छोटा मंत्र वापरतात. त्याने काय होतं? गार अन्न गरम होतं, पदार्थाला चव येते, कपड्यावरचा डाग जातो! दुसरा एक मंत्र फाटलेला झगा सांधतो. तिसऱ्या मंत्राने तासभर एक अदृश्य नोकर मिळतो. तो झाडतो, कपड्यांच्या घड्या घालतो, चूल पेटवतो, वाढतो. अहो, हे सगळं आपण रोज मंत्राशिवाय करतो, आणि कुणी आपल्याला जादूगार म्हणत नाही!

पण यातूनच मला एक युक्ती सुचली. पुतण्याच्या मुलीनेही आपल्या जादूगाराची हकीकत मला वाचून दाखवली होती. मनोरा, गुरू, जुने ग्रंथ, शाप, सगळं अगदी जोरदार. मी ऐकून घेतलं आणि विचारलं, "काय गं, त्या मनोऱ्यात स्वयंपाक कोण करायचं?" ती गप्प. मग म्हणाली, "हे मी लिहिलंच नाही!" दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना तिने अर्धं पान वाचून दाखवलं. गुरूच्या घरी भाकरी भाजणारी एक म्हातारी आली होती. ती कुणाशी बोलत नाही, पण शिकाऊ पोर रात्री उशिरापर्यंत घोकत बसलं की त्याच्यासाठी चुलीपाशी दूध झाकून ठेवते. गुरूने नव्हे, तिने त्याला पहिल्यांदा नावाने हाक मारली. असं तिचं तिनेच लिहिलं. मी फक्त एक प्रश्न विचारला होता.

बाई, तुम्हीही हेच करा. मुलाला समोर बसवा आणि आधी कबूल करा, की कपाट आवरताना वही दिसली आणि मी वाचली. चोरून वाचलेलं कबूल केलं, की मुलं माफ करतात. मग 'आईला का मारलंस' असं विचारू नका. त्याच्या जादूगाराबद्दल विचारा. गुरूकडे पहिल्या रात्री झोप लागली का? आजारी पडला तेव्हा उशाशी कोण बसलं? शिकताना हातून काय बिघडलं, आणि ते कुणापासून लपवलं? गुरूला तो काय म्हणून हाक मारतो? एका वेळी एकच प्रश्न बरं का, उलटतपासणी नको. आणि उत्तर आलं, तर त्यावर उपदेश नको.

मला काय वाटतं सांगू? जूनमध्ये तुमचा मुलगा घर सोडणार. अनोळखी गावात, अनोळखी माणसांत, कुणाच्या तरी हाताखाली शिकणार. आजारी पडला तर तुम्ही उशाशी नसणार. हे त्याला तुमच्यासमोर बोलता येत नाही. म्हणून वहीत एका पोराला त्याने आधीच एकटं करून बघितलंय. निभतंय का ते तो पाहतोय. त्याने तुम्हाला मारलं नाही हो, तुमच्याशिवाय राहायचा सराव चालवलाय.

आणि आता ती चौकट, जी तुम्हाला कळली नाही. २०१४च्या त्या पुस्तकात पार्श्वभूमीबरोबर चार गोष्टी लिहायच्या असतात: स्वभाव, ध्येय, बंध आणि दोष. बंध म्हणजे कुठल्या माणसाशी, जागेशी किंवा वस्तूशी त्याचा जीव बांधलेला आहे ते. गोष्ट कितीही भटकली तरी पात्राला परत ओढतो तो बंध. तुमच्या मुलाच्या वहीतली चौकट तीच असावी असा माझा अंदाज आहे. घर जळालं, सगळं गेलं, आणि पोराने बरोबर काय आणलं? तलवार नाही, मोहरांची थैली नाही. गोधडी. आता मला सांगा, गोधडी कोण शिवतं?

जा, ती ओळ पुन्हा वाचा.

राहिल्या व्यवहाराच्या गोष्टी. खेळाची वेळ ठरवून द्या. रविवारी दोन ते सहा पुष्कळ झाले. दार पुरतं लावू नका म्हणून सांगा, पण मध्येमध्ये डोकावूही नका. खायला चकली-भजी देऊ नका, तेलाचे डाग कागदांना लागतात आणि तो मंत्र आपल्याकडे नाही. भाजके शेंगदाणे किंवा चुरमुऱ्यांचा सुका चिवडा वाटीत घालून चमच्यासकट द्या. ह्यांना एकदा तासभर त्या मुलांत बसवा. विरोध निम्मा तिथेच मावळेल.

आणि लक्ष कशावर ठेवायचं? वहीतल्या मरणावर नव्हे. मुलगा जेवेनासा झाला, रात्र रात्र जागू लागला, मित्रांना टाळू लागला, किंवा वहीबाहेर, आपल्या स्वतःच्या तोंडाने 'मला जगायचं नाही' असं म्हणाला, तर मात्र एक दिवसही थांबू नका. त्याला जवळ घ्या, एकटं सोडू नका आणि डॉक्टरांकडे न्या. त्यात लाज कसली?

एवढंच. जूनमध्ये त्याची ट्रंक भरताना तळाशी एक गोधडी घाला. नव्या चादरी घ्या हवं तर, पण गोधडी घरचीच, वापरलेली, मऊ झालेली. वहीबद्दल अवाक्षर काढू नका. तिकडे ट्रंक उघडेल तेव्हा त्याचं त्याला कळेल.

लोणचं पुढच्या आठवड्यात नक्की. कैऱ्या तोवर थांबतील असं दिसत नाही, त्यांचा आज तक्कूच करून टाकते.

तुमची,
ताई