दोन दिवसांत बनलेला माल आणि गिऱ्हाइकाची तक्रार

संगणकाच्या खेळांचे या पानावर काय काम, असे काही व्यापारी बांधव म्हणतील. पण एका जातीच्या खेळात मुद्दल, भाव आणि वसुली यांखेरीज दुसरे काही नसतेच. त्याला 'इन्क्रिमेंटल' खेळ म्हणतात. फ्रान्सच्या जुलियां तिएनो याने ऑगस्ट २०१३ मध्ये एका रात्रीत बनवलेला 'कुकी क्लिकर' हा त्यातला फार गाजलेला. पडद्यावरच्या बिस्किटावर दाबले की एक बिस्किट जमा होते. साठलेल्या बिस्किटांच्या मोबदल्यात आपोआप दाबणारे बोट घ्यायचे, मग बिस्किटे भाजणारी आजी, मग शेत, खाण, कारखाना.

वरवर पोरखेळ, पण हिशोब पक्का. पहिले बोट १५ बिस्किटांना मिळते आणि दहा सेकंदांत एक बिस्किट देते. म्हणजे अडीच मिनिटांत मुद्दल वसूल. मात्र प्रत्येक खरेदीनंतर भाव १५ टक्क्यांनी चढतो. एक्कावन्नावे बोट १६,२५५ बिस्किटांना पडते, आणि मधल्या सुधारणा विकत घेतल्या नसतील तर देते तेवढेच. वसुलीला पंचेचाळीस तास! चक्रवाढ म्हणजे काय, हे शाळेतल्या गणितापेक्षा इथे लवकर कळते.

असे खेळ पुष्कळदा 'गेम जॅम' नावाच्या घाईच्या स्पर्धांत जन्मतात. २००२ साली सुरू झालेल्या 'लुडम डेअर'ची रीत अशी की विषय जाहीर झाला की एकट्याने ४८ तासांत खेळ पुरा करायचा. मग काही आठवडे भाग घेणारेच एकमेकांचे खेळ खेळून गुण आणि अभिप्राय देतात.

आता अडचण पहा. ४८ तासांत बनवणाऱ्याने स्वतःचा माल किती वापरून पाहिला असणार? ज्या खेळाची खरी परीक्षा दुसऱ्या-तिसऱ्या तासाला होते, तो त्याने आकडे पुढे सरकवून कसाबसा तपासलेला असतो. भाव १५ टक्क्यांनी चढवायचा की १० टक्क्यांनी, हेही अंदाजानेच. खेळणारा बोलला नाही तर आपल्या काट्यात किती पासंग आहे, हे त्याला कळायचेच नाही.

पण सगळे अभिप्राय एका किमतीचे नसतात. स्पर्धेतलाच एखादा पाच मिनिटे खेळतो, छान आहे म्हणून लिहितो आणि आपलाही खेळ कोणी पाहावा या आशेने पुढे जातो. प्रदर्शनात शेजारच्या गाळेवाल्याला आपणही अशी दाद देतोच की! कामाचा माणूस तो, जो लिहितो की विसाव्या मिनिटाला करण्यासारखे काही उरले नाही, म्हणून बंद केले. त्याने नेमकी जागा दाखवली.

उपाय मात्र त्याच्या तोंडून घेऊ नये, असे माझे मत आहे. तो म्हणेल, भाव उतरवा. उतरवला की दुसरा दहा मिनिटांत खेळ संपवतो आणि म्हणतो, हा फारच छोटा. कित्येकदा दोष भावाचा नसतोच. पुढे काय मिळणार हे दिसत नाही, म्हणून माणूस उठून जातो. लुंगीचा रंग गेला की गिऱ्हाईक म्हणते, सूत हलके आहे. तक्रार सोळा आणे खरी, निदान चुकलेले. अशा वेळी सूत बदलून काय होणार? गाठावे लागते ते रंगाऱ्याला.

आणि काही जण लिहीत नाहीत, करून दाखवतात. 'कुकी क्लिकर'मध्ये लबाडीने बिस्किटे वाढवणारे निघालेच. तिएनोच्या खेळात अशांनाही एक बिल्ला मिळतो. लबाडीची बिस्किटे बेचव लागतात, अशा अर्थाचा. उलट फक्त १५ वेळा दाबून दहा लाख बिस्किटे करणाऱ्यासाठी वेगळा बिल्ला आहे. गिऱ्हाइकाशी वागण्याची ही तऱ्हा मला पसंत पडली. एका रात्रीचा हा खेळ पुढे वर्षानुवर्षे सुधारत गेला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये 'स्टीम' या संगणकी दुकानात पैसे मोजून घेण्याचा माल झाला. ब्राउझरमध्ये तो फुकट मिळतो, तरी घेणारे घेतात.