थंड काय झालं, ते आधी सांगा

‘वस्तू निरपेक्ष शून्याजवळ नेली’ अशी बातमी अधूनमधून येते आणि आपण ती कौतुकाने फॉरवर्ड करतो. माझा आक्षेप ‘वस्तू’ या शब्दाला आहे. २०११ साली कॅलटेकमध्ये सिलिकॉनच्या सूक्ष्म तुळईचं कंपन लेझरने इतकं शमवलं, की त्यात सरासरी ०.८५ फोनॉन उरले. फोनॉन म्हणजे कंपनाच्या ऊर्जेचा सुटा दाणा. पण थंड झालं ते एकच कंपन, सेकंदाला सुमारे ३.७ अब्ज हेलकाव्यांचं. भोवतालचं तापमान होतं २० केल्व्हिन. सर्व्हरचा एक कोअर रिकामा दिसला म्हणून अख्खा सर्व्हर निवांत म्हणणाऱ्याला आम्ही रात्रपाळी देत नाही.

मोजमाप मात्र अप्रतिम आहे. कंपनाला भिडलेला प्रकाश कधी त्यातून फोनॉन घेतो, कधी त्याला देतो. कंपन तापलेलं असेल तर दोन्ही जवळपास सारखं. शून्याजवळ प्रकाशाला घ्यायला काही उरत नाही, देणं चालूच राहतं. सरासरी एक फोनॉन असेल तर घेणं देण्याच्या निम्मं. या गुणोत्तरातून फोनॉनची संख्या कळते, दुसऱ्या तापमापीशी जुळवणी न करता. त्याच गटाने २०१२ मध्ये हे करून दाखवलं.

त्या संख्येवरून केल्व्हिनवर उडी मारताना मात्र फोनॉन उष्णतेच्या नियमानेच विखुरलेत, असं आपण गुपचूप धरून चालतो. २०१० मध्ये सांता बार्बराच्या गटाने क्यूबिटमधून एकच फोनॉन कंपनात सोडला. त्या अवस्थेला किती केल्व्हिन लावणार?

‘वाचकाला झेपणार नाही’ ही सबब नको. त्याला मेगापिक्सेल झेपले. कुठलं कंपन आणि त्यात किती फोनॉन, एवढं छापा.