गुंजीची परीक्षा

कैलास-मानसरोवरला सरकारी यात्रेतून जाणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी दोनदा होते. पहिली दिल्लीत. दुसरी लिपुलेखच्या वाटेवर गुंजीला, दहा हजार फुटांच्या वर. दिल्लीत उत्तीर्ण झालेला यात्रेकरू गुंजीत नापास होऊ शकतो, आणि झाला की तिथूनच परत. पुष्कळांना हा जाच वाटतो. इतके पैसे भरले, नातेवाइकांनी हार घालून निरोप दिला, आणि आता माघारी? मी जन्मभर परीक्षा घेतल्या. माझे मत विचाराल तर या दोन्हींत खरी परीक्षा गुंजीचीच.

कारण उंची शरीराला मानवते की नाही, हे उंचीवर गेल्यावरच कळते. वर प्राणवायूचे प्रमाण कमी होते असे आपण म्हणतो, पण ते तितकेसे बरोबर नाही (जुनी खोड, चूक दिसली की लाल पेन निघतोच). प्रमाण तेच राहते, शंभरात एकवीस. कमी होतो तो हवेचा दाब. लेहला, म्हणजे साडेअकरा हजार फुटांवर, एका श्वासात आपल्या भाईंदरच्या मानाने साधारण दोन तृतीयांशच प्राणवायू मिळतो. शरीर हळूहळू जुळवून घेते, पण त्याला दिवस लागतात. ते दिवस दिले नाहीत तर डोके ठणकते, मळमळते, झोप लागत नाही. तरीही वर चढत राहिले तर फुफ्फुसांत किंवा मेंदूत पाणी साठू लागते. बसल्या जागी धाप लागली, चालताना झोक जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले, की मग सकाळची वाट पाहायची नसते. ताबडतोब खाली उतरायचे असते.

आपल्याकडे एक समजूत आहे की सह्याद्री पालथा घातलेल्याला हिमालय जड जात नाही. पण कळसूबाई, आपले सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटरचे. या विकाराचा धोका सुरू होतो तोच साधारण अडीच हजार मीटरपासून. सह्याद्रीने पाय तयार होतात हे खरे, पण उंचीचा धडा तिथे अभ्यासक्रमातच नाही. धडधाकट असण्याचाही यात फार उपयोग नाही. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये हिमालयात उंचीवर आजारी पडलेल्या १,९२५ भारतीय सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ती कवायत केलेली, कसलेली माणसे होती. उलट तरुण माणूस झपाझपा चढतो आणि आधी आडवा होतो.

आजारापेक्षा मला भीती वाटते ती आजार लपवण्याची. शाळेच्या सहलीच्या दिवशी अंगात ताप असलेली मुले आईला न सांगता बसमध्ये येऊन बसत. कपाळाला हात लावला की मान वळवत. साठीची माणसेही हेच करतात. सगळ्यांचा खोळंबा नको, पैसे वाया नकोत, देवाच्या दारातून परत कसे फिरायचे! मग डोकेदुखीची गोळी घ्यायची आणि गप्प बसायचे. गोळीने ठणका थांबतो, उंची कमी होत नाही.

मे २०२३ मध्ये मुंबईच्या एकोणसाठ वर्षांच्या सुझान जीझस एव्हरेस्टच्या पायथ्याशी आजारी पडल्या आणि लुकला येथे रुग्णालयात वारल्या. त्यांच्या हृदयाला पेसमेकर होता आणि तो घेऊन शिखर गाठायचा विक्रम त्यांना करायचा होता. सरावात त्यांचा वेग पडलेला पाहून त्यांना थांबायला सांगितले गेले होते, पण परवान्याचे पैसे भरले आहेत म्हणून त्या ऐकेनात, असे तेव्हा नेपाळच्या अधिकाऱ्यांनी सांगितले. त्या बाईंच्या जिद्दीला मी नावे ठेवणार नाही. पण पैसे भरले आहेत हे कारण आपणही किती सहज देतो!

आणि ते कारण आपल्या तोंडी घालणारे लोकही आहेत. केबिन रोडला आमच्या इमारतीत सध्या लडाखचे वारे आहे. लिफ्ट नाही, त्यामुळे चार मजले दोनदा चढून ‘सराव’ चालतो. सहलवाल्यांचे गुळगुळीत पत्रक मी वाचले. पहिल्या दिवशी मुंबईहून विमानाने लेह, दुपारी स्थलदर्शन, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच खारदुंग ला, साडेसतरा हजार फूट! लडाखचे प्रशासन विमानाने येणाऱ्यांना पहिले ४८ तास विश्रांती घ्यायला सांगते. पत्रकात त्याचा उल्लेख नाही. न्याहारीला काय मिळेल ते मात्र सातही दिवसांचे दिले आहे. विश्रांतीच्या दिवसाचे हॉटेलभाडे द्यावे लागते आणि त्या दिवशी दाखवायला काही नसते, म्हणून तो गाळायचा. याला मी बेजबाबदारपणा म्हणतो. पण गिऱ्हाईकही सात दिवसांत नऊ ठिकाणे मागते, तेव्हा सगळा दोष त्यांच्याच माथी मारता येत नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी मला विचारले, काय करू? मी म्हटले, आधी डॉक्टरांना दाखवा, आणि सहलवाल्यांना दोन प्रश्न लेखी विचारा. पहिले दोन दिवस मोकळे ठेवाल का? आणि कुणाला बरे वाटेनासे झाले तर त्याला खाली घेऊन कोण जाईल, कोणत्या गाडीने? वहिनींनी पत्रकावर पेन्सिलीने पहिल्या दोन दिवसांपुढे ‘विश्रांती’ असे लिहून ते परत पाठवले आहे. उत्तर अजून यायचे आहे. हप्ता मात्र त्यांनी थांबवून ठेवला आहे.