कोंबड्याचा सण आणि घरची बोली

सुगी आटोपली की शेतकऱ्याच्या घरी सण येतोच, मग देश कोणताही असो. आज वाचकांना मी जर्मनीच्या पूर्व भागातील लाउझित्स प्रांतात नेणार आहे. तिथे सोर्ब नावाचा लहानसा स्लाव्ह समाज शतकानुशतके राहतो. त्यांची संख्या साधारण 60 हजार धरतात. कचेरी आणि बाजार जर्मनमध्ये, घरची बोली सोर्बियन. तिचेही दोन प्रकार आहेत. बाउत्सेनकडची वरची सोर्बियन आणि कोटबुसकडची खालची.

कोटबुसच्या बाजूला कापणीनंतर ‘कोकोट’ साजरा होतो. कोकोट म्हणजे कोंबडा. शेवटच्या उभ्या ताटांत पिकाची शक्ती कोंबड्याच्या रूपाने दडून बसते, अशी तिथली जुनी समजूत. गावाबाहेर हिरव्या पानांनी सजवलेली कमान उभारतात आणि आधीच मारलेला कोंबडा तिला टांगतात. तरुण घोडा दौडवत कमानीखालून जातात आणि वर हात घालतात. ज्याच्या हाती मुंडके येते तो पहिला राजा. पंख ओढणारे दुसरा आणि तिसरा राजा. मग डोळे बांधलेले हे राजे पारंपरिक पोशाखातल्या मुलींमधून आपापली राणी निवडतात आणि नाच सुरू होतो. मुलींची शर्यत तर और गंमतीची! एकचाकी ढकलगाडीवर बेडूक ठेवायचा आणि तो उडी मारून पळण्याआधी टोक गाठायचे.

2014 साली सोर्बांच्या सणावारांना जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. पण मला विचारात पाडते ती वेगळीच गोष्ट. सण टिकला, बोली मात्र मागे पडली. 1937 साली नाझी राजवटीने सोर्बांच्या ‘डोमोविना’ या संस्थेचे काम बंद पाडले. पुढे कोळशाच्या खाणींनी गावेच्या गावे गिळली. आज कोकोटला घोड्यावर बसणाऱ्या कित्येकांच्या घरी जर्मनच बोलली जाते. म्हणून 1998 साली कोटबुसच्या एका बालवाडीत जर्मन बोलणाऱ्या घरांतील मुलांशीही सोर्बियनमध्येच बोलायला सुरुवात झाली. उपक्रमाचे नाव ‘विताय’, म्हणजे ‘सुस्वागतम्’.

आपल्याकडे मराठीत सुगी, कन्नडमध्ये सुग्गी. इकडे रास, तिकडे राशी. आजीला हे दोन्ही शब्द येतात. नातवंडांना येतात का, हे यंदाच्या सुगीला घरोघरी एकदा विचारून पाहा. सणाला नवे कपडे बाजारात मिळतात, सणाचे शब्द मात्र घरातच मिळतात.