चाबूक दिसतो, संमती दिसत नाही

'जोडीदाराने मला बांधावे, हुकूम करावा आणि मी तो पाळावा असे मला वाटते. मी विकृत आहे का?' हा प्रश्न पेणमधल्या माणसाने कुणाला विचारावा? डॉक्टर घरच्यांच्या ओळखीचे. मित्राला सांगावे तर संध्याकाळपर्यंत एस.टी. स्टँडवर चर्चा.

र. धों. कर्वे यांनी 1927 साली 'समाजस्वास्थ्य' सुरू केले तेव्हा अशा माणसांना एक पत्ता मिळाला. पत्र लिहायचे, उत्तर अंकात वाचायचे. वाचकांना दिलेल्या उत्तरांवरूनच 1934 मध्ये कर्व्यांवर खटला चालला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. 1953 मध्ये कर्वे गेले, मासिक बंद पडले. प्रश्न मात्र बंद पडले नाहीत. ते आता मोबाइलला विचारले जातात.

मोबाइलचे उपकार नाकारू नयेत. या आवडीला बीडीएसएम म्हणतात, आपण एकटे नाही, हे त्यानेच सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात प्रौढांनी परस्परसंमतीने केलेला असा व्यवहार आजार मानलेला नाही, हेही तिथेच वाचायला मिळते. भारतातल्या 'किंकी कलेक्टिव्ह'सारखा गट संमतीचा अर्थ समजावतो, तोही तिथेच भेटतो.

पण हाच मोबाइल घातही करतो. चित्रफितीत चाबूक दिसतो. त्याआधीची बोलणी दिसत नाहीत. काय चालेल, काय चालणार नाही, कोणता परवलीचा शब्द उच्चारला की हात तिथल्या तिथे थांबला पाहिजे, नंतर एकमेकांची विचारपूस कशी करायची, हे सारे कापलेले असते. गळा आवळणे म्हणजे गंमत, असे पाहणारा शिकतो. गळा आवळण्याची सुरक्षित पद्धत नाही, हे त्याला कुणी सांगत नाही. शिवाय गोड बोलून उघडे फोटो मागवणारे आणि नंतर पैसे उकळणारे टपलेलेच आहेत. फसलेला माणूस बदनामीच्या धाकाने 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोनही करत नाही. त्याची ही भीतीच त्या टोळ्यांचे भांडवल आहे.

यावर आपला उपाय काय? बंदी! जुलै 2015 च्या अखेरीस सरकारने 857 संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश काढला आणि काही दिवसांतच पाऊल मागे घेतले. बंदीने पाहणारे थांबत नाहीत, विचारणारे मात्र गप्प होतात.

आणि संस्कृती बुडाली म्हणून ओरडणाऱ्यांना एक विचारायचे आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 45 टक्के स्त्रियांनी आणि 44 टक्के पुरुषांनी काही ना काही कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणे योग्य मानले. 2024 मध्ये नवी भारतीय न्याय संहिता आली, तरी बायको सज्ञान असेल तर नवऱ्याची जबरदस्ती बलात्कारात मोडत नाही, ही सवलत कायम राहिली. म्हणजे न विचारता उगारलेला हात आपल्याला चालतो. विचारून, ठरवून, थांबण्याचे वचन देऊन दोघांनी केलेले मात्र विकृत!

वादाचा मुद्दा चाबूक नाहीच. 'नाही' म्हटल्यावर थांबायचे असते, हे आपण मुलांना घरात शिकवले नाही. मग ती जागा बाजाराने घेतली, तर दोष एकट्या इंटरनेटला कसा द्यायचा?